जीन रोडचे नाव आणि जीन रोडची जमीन

आमच्या वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी गेल्या दिवाळीपासून एकच वाद धुमसतो आहे. बाजार समितीच्या जुन्या फाटकापासून स्टेशनाकडे जाणाऱ्या ज्या रस्त्याला चार पिढ्या ‘जीन रोड’ म्हणत आल्या, त्याला नगर परिषदेने एका महापुरुषाचे नाव दिले. रस्ता सिमेंटचा झाला, मधोमध दुभाजक आला, आणि दोन्ही अंगांना जिथे कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, म्हणजे आमच्या भाषेत ‘जीन’, होते तिथे आता दुकानांचे गाळे आणि सदनिका उभ्या राहत आहेत. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच कथा विदर्भातल्या कापसाच्या कोणत्याही गावाची आहे. महापुरुषाचेही नाव देत नाही, कारण ते वाचताच वाचक आपली बाजू ठरवून मोकळा होतो आणि पुढचा मजकूर वाचायचे कारणच उरत नाही.

वादाचे दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, जीन रोड ही गावाची ओळख आहे, तिला हात लावू नका. दुसरा म्हणतो, जीन ही गोऱ्या साहेबाच्या आणि सावकाराच्या लुटीची खूण आहे. तिच्यासाठी गळा काढणाऱ्यांच्या मनात खरा राग महापुरुषाविषयीच आहे. सह्यांच्या मोहिमा झाल्या, पाटीला काळे फासले गेले, मग त्याच पाटीवर दुधाचा अभिषेकही झाला. माझे म्हणणे असे की नाव बदलण्याचा गावाला पूर्ण अधिकार आहे आणि तो वापरला म्हणून रडण्याचे कारण नाही. पण या रस्त्याचा इतिहास पुसला गेला तो पाटीमागच्या जमिनीच्या व्यवहारात, आणि पाटीवरच्या भांडणाने त्या व्यवहाराला आयता आडोसा दिला. नामकरणाचा ठराव आणि जमिनीच्या वापरबदलाचा प्रस्ताव एकाच सभेत, एकाच टाचणीने जोडून मंजूर व्हावेत, हा योगायोग नसतो.

रस्ता झाला कसा, हे आधी पाहावे लागेल. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला तो निजामाच्या नावावर इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. पण इथल्या काळ्या जमिनीत काय पिकते हे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना चांगले ठाऊक होते. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या पऱ्हाटीला कधी नव्हे तो भाव आला. पाठोपाठ आगगाडी आली. १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव या एवढ्याशा फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले, यावरून त्या फाट्यावरून काय जाणार होते ते समजावे. सैल भरलेला कापूस डब्यात जागा खातो आणि वजनाला काहीच भरत नाही, म्हणून तो दाबून गठाणी बांधण्याचे वाफेचे प्रेस स्टेशनांजवळ उभे राहिले. प्रेसला सरकी काढलेली रुई लागते, म्हणून घराघरांतले सरकी काढायचे हातरेचे मागे पडून यंत्राचे रेचे त्याच आवारात आले. बाजार आणि स्टेशन यांच्यामधल्या बंड्यांच्या पांदणीचा असा रस्ता झाला. १८८६ मध्ये कारंज्याचा कापूस बाजार सरकारी नियमांखाली आला, देशातला असा पहिला बाजार; आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. आमच्या गावच्या एका धुळकट रस्त्याच्या मागे इतक्या दूरवरच्या गोष्टी आहेत, हे माझ्या शाळेच्या पुस्तकात कुठेच नव्हते.

आता पहिल्या पक्षाला माझा प्रश्न असा, की ‘मूळ नाव’ म्हणजे नेमके कोणते? जीन येण्यापूर्वी ती पांदण होती, आणि पांदणीला कोणाच्या तरी वावराचे नाही तर नाल्याचे नाव असणारच; ते गेले तेव्हा कोणी सह्या गोळा केल्या नाहीत. खुद्द वर्धा शहर १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वसवले गेले. पालकवाडी परत आणा, असे म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. नावे एकमेकांवर थर धरत असतात. आपल्या लहानपणी जो थर वर होता त्याला आपण मूळ म्हणतो, एवढेच.

याहून मोठा मुद्दा जातीचा आहे, आणि तो मी अर्ध्या मनाने नव्हे तर पूर्ण मान्य करतो. जीन रोडच्या खालच्या टोकाला, जिथे सरकीचे ढीग पडत आणि हमालांची घरे होती, त्या भागाला जातीचे नाव होते आणि ते अर्जाच्या रकान्यात लिहावे लागे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी पर्यायी नावे समोर ठेवली गेली. पत्ता लिहिताना ज्याचा हात कधी थबकला नाही, त्याने वारशाच्या गोष्टी जरा जपून कराव्यात. ‘नावात काय आहे’ हा प्रश्न ज्याचे नाव आधीपासून सगळीकडे आहे त्यालाच सुचतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्याची अंमलबजावणी व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या साडेपंधरा वर्षांत दलितांची घरे जळली, माणसे मारली गेली, नागपूरहून लाँग मार्च निघाला. पाटीवरचे एक नाव केवळ एक नाव असते, तर त्यासाठी एवढी किंमत कोणी मागितली नसती आणि कोणी मोजलीही नसती. म्हणून नामांतराच्या मागणीला उथळ भावनाबाजी म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही.

पुनर्विकासाच्या बाजूनेही खरे मुद्दे आहेत. जुना जीन रोड रम्य नव्हता. हंगामात ऑक्टोबरपासून पुढे चार-पाच महिने बंड्यांची रांग हलत नसे, उघड्या नालीत रुईचे बोळे तुंबत, हवेत इतके तंतू की रेच्यावर कापूस टाकणाऱ्या बायांच्या भुवया संध्याकाळपर्यंत पांढऱ्या होत. त्यांच्या खोकल्याला ‘जिनाचा खोकला’ असे सहज म्हटले जाई, जणू तो पगाराचाच एक भाग असावा. जीनला आग लागणे ही दर दोन-तीन वर्षांची गोष्ट होती, आणि मागे लागून घरे. असे कारखाने वस्तीतून बाहेर जाणेच योग्य होते, आणि ते कोणा एका बिल्डरच्या कारस्थानाने गेले असेही नाही. १९७२ पासून चाललेली राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी या शतकाच्या सुरुवातीला ढिली पडली आणि खाजगी व्यापाऱ्याला वाट मोकळी झाली. त्याच सुमारास, फेब्रुवारी २००० मध्ये, केंद्र सरकारने कापसासाठी तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यातल्या एका भागातून जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळू लागले. फरसबंद आवार, यंत्राने कापूस वाहून नेण्याची सोय, आपोआप चालणारा प्रेस, हे सारे गावातल्या दाटीत बसण्यासारखे नव्हते. नवे कारखाने हमरस्त्यावर गेले आणि जुन्यांची फक्त जमीन उरली. दुभाजकातली झाडे मला आवडत नाहीत (वऱ्हाडात खजुराचे झाड लावण्याची कल्पना कोणाची, हे विचारायला हवे), पण पावसाळ्यात कोरड्या पायांनी स्टेशन गाठता येते याचा आनंद मलाही आहे.

इतके सगळे मान्य केल्यावर माझ्या हाती काय उरते? उरतो एक साधा प्रश्न. नाव राखले म्हणजे इतिहास राहतो का, आणि नाव बदलले म्हणजे तो जातो का? आपल्या विदर्भातच याची दोन उत्तरे शेजारी शेजारी आहेत. जमशेटजी टाटांनी नागपूरला उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले, म्हणून मिलला ते नाव. शंभरहून अधिक वर्षे नागपूरचे कोष्टी, हलबा, दलित आणि इतर कामगार तिच्या भोंग्यावर जगले. मिल बंद पडली आणि त्या जमिनीवर मॉल आला. मॉलचे नाव काय? एम्प्रेस! परक्या राणीचे नाव कोणाला खटकले नाही, कारण ते विकते. आता दुसरे उदाहरण पाहा. वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. त्यांची पत्रे आणि तारा बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागल्या, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव बदलून सेवाग्राम केले गेले. कारण निव्वळ टपालाचे होते. सेगाव हे नाव आज किती जणांना आठवते? पण आदिनिवास, बापूकुटी, बा-कुटी, प्रार्थनेचे पटांगण जागच्या जागी आहेत, आणि तिथे काय घडले हे शाळेच्या सहलीला आलेले पोरही विचारू शकते. म्हणजे एका ठिकाणी नाव टिकले आणि नावामागचे सारे गेले. दुसऱ्या ठिकाणी नाव गेले आणि सारे टिकले. आमच्या गावातल्या दोन्ही पक्षांनी या दोन जागांची एकदा सहल काढावी. भाडे मी देईन.

दुसऱ्या पक्षाची एक चूक मात्र स्वतंत्रपणे दाखवली पाहिजे, कारण ती पुरोगामी भाषेत बोलली जाते. ‘जीन’ हे साहेबाने लादलेले नाव आहे, असे ते म्हणतात. वस्तुस्थिती उलट आहे. नगर परिषदेच्या जुन्या कागदांवर हा रस्ता ‘स्टेशन रोड’ आहे. त्याला जीन रोड म्हणणारे होते बंडीवाले, हमाल, मापारी आणि रेच्यावर बसणाऱ्या बाया. इंग्रजी शब्दाचा त्यांनी तोंडात बसेल असा तुकडा पाडला आणि तो आपला करून टाकला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद मार्गावरच्या गाडीचेही असेच झाले. लोहमार्ग लंडनच्या भागधारकांच्या कंपनीचा, पण गाडी लोकांची ‘शकुंतला’. अशा नावांचा ठराव कधी होत नाही, उद्घाटन होत नाही, म्हणून त्यांना कोणी वालीही नसतो. जीन रोड हे नाव शोषणाची खूण असेल, तर ती शोषितांनी स्वतःच्या तोंडाने कोरलेली खूण आहे. ती पुसून तिच्या जागी श्रमिकांच्या कैवाऱ्याचे नाव लावणे आणि त्याच महिन्यात श्रमिकांच्या चाळीला नोटीस देणे, यातला विनोद त्या महापुरुषाला आधी कळला असता. अर्थात नवी पिढी या भांडणाच्या पलीकडे आहे. शेजारच्या एका मुलाने मला विचारले, की इथे पूर्वी पँटींचा बाजार होता का.

आता मूळ व्यवहाराकडे येतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे विकास योजनेत फेरबदल करायचा, उदाहरणार्थ एखादी जमीन औद्योगिक पट्ट्यातून काढून निवासी करायची, तर सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. आमच्याकडे ती सूचना प्रसिद्ध झाली, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत. त्याच महिन्यात नामकरणावरून मोर्चे निघत होते. हरकती किती आल्या, हे मी कार्यालयात जाऊन विचारले. दोन आल्या होत्या आणि त्यांतली एक सांडपाण्याविषयी होती. पाटीसाठी हजारभर सह्या करणाऱ्या गावाने ज्या जमिनीवर त्याचे सार्वजनिक जीवन दीडशे वर्षे घडले तिच्यासाठी जेमतेम एक अर्ज लिहिला. यात दोष फक्त सत्ताधाऱ्यांचा म्हणता येईल का? नावाचा वाद फुकटात लढता येतो. जमिनीचा वाद लढायला नकाशा वाचावा लागतो, सातबारा आणि मिळकत पत्रिका काढावी लागते, आणि ज्या शेठजीकडे आपली उधारी आहे त्याच्याविरुद्ध सही करावी लागते.

मुंबईच्या गिरणगावाची तुलना इथे लोक हटकून करतात, पण ती करताना एक फरक विसरतात. तिथे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ होता. गिरणीच्या जमिनीचा ढोबळमानाने एक-तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेकडे, एक-तृतीयांश घरांसाठी म्हाडाकडे आणि उरलेला मालकाकडे, अशी ती वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरणगाव हरले असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण हरण्यासाठी तिथे निदान एक नियम होता, संघटना होत्या, घरासाठी अर्ज करायला गिरणी कामगाराकडे हजेरीचा कागद होता. जीनमधली बाई हंगामी. मुकादमाच्या वहीत तिचे नाव असेल तर असेल, आणि ती वही केव्हाच वाळवीने खाल्लेली. ती तीस हंगाम तिथे राबली याचा पुरावा म्हणून दाखवायला तिच्याकडे तो रस्ता, ते फाटक आणि ती चाळ एवढेच होते. तिच्यासाठी रस्त्याचा इतिहास ही हौसेची गोष्ट नाही.

माझे वडील याच रस्त्यावरच्या एका प्रेसमध्ये कारकून होते आणि हंगामात त्यांचे मुख्य काम गठाणींवर शिक्के पडतात की नाही हे पाहण्याचे होते. कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांविषयीच्या १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले. ओल्या कापसाची किंवा भेसळीची तक्रार कुठल्याही बंदरातून आली तरी ती कोणत्या गावच्या कोणत्या प्रेसमधून निघाली हे शोधता यावे, हा त्यामागचा हेतू. गठाण मुंबईला गेली, विकली गेली, तिचा मालक तीनदा बदलला, तरी खूण पुसायची नाही. नवा मालक आपला शिक्का शेजारी मारू शकत होता, जुन्यावर नाही. व्यापाऱ्याच्या मालासाठी सरकारला जे इतके सहज सुचले, ते रस्त्यासाठी सुचायला काय हरकत आहे?

म्हणून माझी सूचना आदराच्या नावाला हात लावणारी नाही. नवे नाव मोठ्या अक्षरांत राहू द्या, त्याखाली ‘पूर्वीचा जीन रोड’ अशी ओळ घाला, आणि मालमत्ता कराच्या नोंदवहीत दोन्ही नावे ठेवा, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणारी भविष्य निर्वाह निधीची आणि कोर्टाची पत्रे परत जाणार नाहीत. यावर दुसऱ्या पक्षाचे उत्तर तयार असते, की महापुरुषाच्या नावाखाली जीनचे नाव लिहिणे हा अपमान आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ या नावांत स्थळाचे जुने नाव कायम आहे. त्यात कोणत्या संताचा अपमान झाला? (विद्यार्थी त्यांची इंग्रजी आद्याक्षरे करून टाकतात, हा अपमान म्हणायचा तर निराळा, आणि लांबलचक नावे ठेवणाऱ्यांनी त्याचाही विचार करावा.) पण पाटीवरची ओळ ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे आणि ती मिळाली म्हणून विजय मानू नये. खरे मागायचे ते पुढचे आहे. रस्त्याचे नामकरण आणि त्या रस्त्यालगतच्या जमिनीचा वापरबदल हे विषय वेगवेगळ्या सभांत, वेगवेगळ्या महिन्यांत घ्यावेत. वापरबदलाची सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानासोबत त्या त्या फाटकावर, मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत लावावी. आणि परवानगी देताना त्या जागेवर काय होते, कोण राहत होते, किती घरे उठणार आहेत याची नोंद नगर परिषदेने स्वतः करून ती लोकांना पाहायला ठेवावी. या नोंदीसाठी इतिहासतज्ज्ञ लागत नाही. गावात सत्तरी ओलांडलेल्या दहा बाया आणि एक तलाठी पुरेत.

राहिलेल्या वस्तू फार नाहीत. दोन जीनच्या चिमण्या गेल्याच उन्हाळ्यात पाडल्या. चाळीच्या पंधरा खोल्यांपैकी सहा उभ्या आहेत आणि त्यांचे प्रकरण कोर्टात आहे. बंड्या तोलायचा मोठा काटा, ज्याच्यावर आमच्या तालुक्यातल्या बहुतेक प्रत्येक कास्तकाराचे पीक एकदा तरी चढले असेल, रस्ता खोदताना उखडून कंत्राटदाराच्या गोदामाबाहेर टाकला आहे. तो जागेवर परत बसवण्याचा ठराव पुढच्या सभेत घ्यावा, असा अर्ज मी दिला आहे आणि या वेळी त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या मिळाल्या आहेत. सभा महिनाअखेरीस आहे. काल मी गोदामावर चौकशी केली, तेव्हा भंगारवाला दोनदा येऊन गेला आहे, फक्त किलोचा भाव ठरायचा राहिला आहे, असे तिथल्या मुकादमाने सांगितले.